डेस्कटॉप ॲपच्या पोटात छोटा वेब सर्व्हर: पोर्ट, टोकन, थ्रेड आणि बंद करतानाचे घोळ

टिचकी (धागाकर्ता)

सी++ आणि क्यूटी (खिडक्या-बटणांची लायब्ररी) यांतलं डेस्कटॉप ॲप आहे. मोजमापाच्या उपकरणाकडून सिरियल पोर्टवर रीडिंग येतात, ॲप ती साठवतं आणि आलेख काढतं. आता तेच आलेख ब्राउझरमध्ये दाखवायचे आहेत. गरजा अशा:

- एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट मिळून साधारण ३ एमबीच्या स्थिर फायली
- जेसनमध्ये उत्तर देणारे आठ-दहा एपीआय
- सेकंदाला १० वेळा ताजं रीडिंग ब्राउझरकडे ढकलणं
- विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणं

सोबत एनजिनएक्ससारखा वेगळा वेब सर्व्हर द्यायचा नाही. सर्व्हर ॲपच्याच प्रोसेसमध्ये हवा. लायब्ररी कोणती घ्यावी? पोर्ट ठरावीक ठेवावा का? आणि फक्त १२७.०.०.१ वर लिसन केलं तर सुरक्षेसाठी वेगळं काही करावं लागतं का?

लूपबॅक

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची रचना त्याच्या उत्तरावर ठरते. हो, करावं लागतं, आणि बरंच.

१२७.०.०.१ वर लिसन केलं की दुसऱ्या मशीनवरून कोणी येऊ शकत नाही, एवढीच हमी मिळते. त्याच मशीनवरची प्रत्येक प्रोसेस येऊ शकते. टर्मिनल सर्व्हर असेल तर लॉग-इन असलेले बाकीचे वापरकर्तेही येऊ शकतात, कारण लूपबॅक, म्हणजे मशीनचा स्वतःकडेच वळणारा १२७.०.०.१ हा पत्ता, सगळ्यांचा एकच असतो. आणि लोक विसरतात ते म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं कुठलंही परकं पान तुमच्या पोर्टवर रिक्वेस्ट पाठवू शकतं. कॉर्समुळे (परक्या साइटला उत्तर वाचू द्यायचं का हे ठरवणारा ब्राउझरचा नियम) त्या पानाला उत्तर वाचता येत नाही, पण साधी पोस्ट रिक्वेस्ट तुमच्यापर्यंत पोचते आणि तुमचा हँडलर (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) चालतोच. त्या हँडलरने फाइल पुसली तर पुसली.

झूमचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जुलै २०१९ मध्ये उघड झालं की मॅकवरचं त्यांचं ॲप १९४२१ पोर्टवर स्थानिक सर्व्हर चालवत होतं. कुठलीही वेबसाइट त्यातून वापरकर्त्याला परस्पर मीटिंगमध्ये ओढू शकत होती, आणि ॲप काढून टाकलं तरी सर्व्हर मागे राहत होता. शेवटी ॲपलने स्वतः अपडेट पाठवून तो काढला.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की पोर्ट उघडायची खरंच गरज आहे का. पान फक्त तुमच्याच खिडकीतल्या वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतला ब्राउझर) दिसणार असेल तर सर्व्हर नकोच. वेबव्ह्यू२ मध्ये फोल्डरला आभासी होस्टनेम जोडता येतं, मॅकवर १०.१३ पासून डब्ल्यूकेवेबव्ह्यूला स्वतःचा स्कीम हँडलर देता येतो, क्यूटी वेबइंजिनमध्येही स्वतःची यूआरएल स्कीम नोंदवता येते. तिन्हींत पोर्ट नाही, फायरवॉल नाही, टोकन (आपल्याच पानाची ओळख पटवणारी गुप्त खूण) नाही. दोन प्रोसेसना आपसात बोलायचं असेल तर विंडोजवर नेम्ड पाइप आणि बाकीकडे युनिक्स डोमेन सॉकेट. परवानग्या तिथे ऑपरेटिंग सिस्टीमच सांभाळते.

टिचकी

नेहमीच्या ब्राउझरमध्येच उघडायचं आहे. एकाच वेळी दोन-तीन टॅब, कधी दुसऱ्या मॉनिटरवर. पुढेमागे त्याच नेटवर्कवरच्या फोनवरही. म्हणजे पोर्ट लागेलच.

पोर्टपाल

मग पोर्टबद्दल. ८०८०, ५०००, ३००० असे लाडके आकडे टाळा. मॅकओएस माँटेरेपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० घेऊन बसतो. ८०८० वर डेव्हलपर मंडळींचं काही ना काही चालूच असतं.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पोर्ट ० वर बाइंड करायचं. ऑपरेटिंग सिस्टीम मोकळा पोर्ट देते, तो 'गेटसॉकनेम'ने विचारून घ्यायचा. विंडोज ४९१५२ ते ६५५३५ मधून देतं, लिनक्स सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधून. एक चुकीची पद्धत सर्रास दिसते: आधी पोर्ट मोकळा आहे का ते तपासायचं, सॉकेट बंद करायचं आणि मग लायब्ररीला तो आकडा द्यायचा. मधल्या क्षणात दुसरं कोणी तो पोर्ट घेऊ शकतं. बाइंड केलेलं सॉकेट सोडूच नका. सीपीपी-एचटीटीपीलिबमध्ये यासाठी 'बाइंड_टू_एनी_पोर्ट' आणि नंतर 'लिसन_आफ्टर_बाइंड' अशी जोडी आहे.

ठरावीक पोर्ट ठेवायचाच असेल तर विंडोजवर दोन एरर नंबर वेगळे ओळखा. १००४८ म्हणजे पोर्ट दुसऱ्याने घेतलाय. १००१३ म्हणजे परवानगी नाही, आणि त्याचं नेहमीचं कारण असं की हायपर-व्हीने तो पट्टा आधीच राखून ठेवलाय. 'नेटस्टॅट'मध्ये तिथे कोणीच दिसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो. 'नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्स्क्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी' ही कमांड चालवली की राखीव पट्टे दिसतात. रीबूटनंतर ते बदलू शकतात, त्यामुळे काल चाललेला पोर्ट आज नाकारला जातो.

अर्धबिंदू

पोर्टपालांच्या प्रतिसादाला पुरवणी. लिनक्सवर 'एसओ_रीयूजॲड्र' लावायची सवय असते, कारण ॲप बंद करून लगेच सुरू केलं तर टाइम-वेटमधल्या जुन्या कनेक्शनमुळे बाइंड अडतं. तीच ओळ विंडोजवर नेऊ नका. तिथे त्याचा अर्थ 'दुसरं सॉकेटही याच पोर्टवर बसू दे' असा होतो. दोन प्रोसेस एकाच पोर्टवर बसतात आणि रिक्वेस्ट कोणाकडे जाईल याचा नेम नाही. विंडोजवर 'एसओ_एक्स्क्लूसिव्हॲड्रयूज' लावा. लायब्ररी आतमध्ये काय लावते तेही एकदा सोर्समध्ये बघा, सगळ्या लायब्ऱ्या हा फरक पाळत नाहीत.

आणि दर वेळी नवा पोर्ट घेण्याची एक किंमत आहे. लोकलस्टोरेज आणि इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला पानाचा साठा) ओरिजिननुसार वेगळे असतात, आणि ओरिजिनमध्ये (प्रोटोकॉल, होस्ट, पोर्ट मिळून बनणारी पानाची ओळख) पोर्ट येतो. पोर्ट बदलला की पानाच्या दृष्टीने ती नवीच वेबसाइट. वापरकर्त्याने निवडलेले रंग, रकान्यांची रुंदी, सगळं गायब. त्या सेटिंग सर्व्हरच्या बाजूला ठेवा. नाहीतर मागच्या वेळचा पोर्ट फाइलमध्ये लिहून आधी तो मागा, मिळाला नाही तरच ० वर जा.

कुकीचं नेमकं उलट. कुकी पोर्ट बघत नाही. १२७.०.०.१ वर कुठल्याही पोर्टवर चालणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला तुमची कुकी मिळते. सेमसाइट स्ट्रिक्ट लावूनही फरक पडत नाही, कारण 'साइट' ठरवताना पोर्ट धरतच नाहीत.

टिचकी

मग टोकन ठेवायचं कुठे? कुकीत नको, यूआरएलमध्ये ठेवलं तर हिस्टरीत जातं.

लूपबॅक

असं करा.

१. ॲप सुरू होताना ३२ बाइटचं टोकन ऑपरेटिंग सिस्टीमच्या क्रिप्टो रँडममधून काढा. वेळ किंवा प्रोसेस क्रमांकावरून बनवू नका.

२. ब्राउझर उघडताना यूआरएलच्या शेवटी # नंतर ते जोडा. # नंतरचा भाग सर्व्हरकडे जात नाही, रेफररमध्येही जात नाही.

३. पानातली स्क्रिप्ट तो भाग वाचते, सेशनस्टोरेजमध्ये ठेवते आणि 'हिस्टरी.रिप्लेसस्टेट'ने ॲड्रेस बारमधून काढते.

४. यापुढे प्रत्येक एपीआय कॉलमध्ये टोकन 'ऑथोरायझेशन' हेडरमधून जातं. स्थिर फायलींना टोकन मागू नका, त्यात गुपित काही नसतं.

चौथ्या पायरीचा जोडफायदा असा की हा हेडर असलेली परक्या ओरिजिनची रिक्वेस्ट ब्राउझर आधी प्रीफ्लाइट करून विचारतो. तुम्ही ऑप्शन्सला कॉर्सची परवानगी दिलीच नाही तर ती तिथेच मरते. आपलं पान त्याच ओरिजिनवर असल्यामुळे त्याला कॉर्स लागत नाही. कुठेतरी वाचून 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन: *' टाकू नका.

एक फट उरते. ब्राउझर उघडताना पूर्ण यूआरएल कमांड लाइनवर जाते आणि 'पीएस' (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्याला दिसू शकते. ज्युपिटर नोटबुक यासाठी फक्त मालकाला वाचता येईल अशी छोटी एचटीएमएल फाइल लिहितं आणि ब्राउझरला ती फाइल उघडायला सांगतं. फाइल पुढे टोकनासकट यूआरएलवर पाठवते. लिनक्सवर स्नॅपमधून बसवलेल्या ब्राउझरला लपलेल्या फोल्डरमधल्या फायली वाचता येत नाहीत, तिथे हा उपाय गळपटतो. त्यापेक्षा यूआरएलमध्ये एकदाच चालणारा, ३० सेकंदांत बाद होणारा कोड द्या आणि पानाने तो देऊन खरं टोकन घ्यावं. पीएस बघणाऱ्याच्या हाती शिळा कोड लागतो.

टोकनासोबत दोन तपासण्या प्रत्येक रिक्वेस्टला, हँडलरच्या आधी.

'होस्ट' हेडर १२७.०.०.१, लोकलहोस्ट किंवा [::१] आणि पुढे तुमचाच पोर्ट, असाच असला पाहिजे. नसेल तर ४०३. हा डीएनएस रीबाइंडिंगवरचा उपाय आहे: हल्लेखोराचं डोमेन आधी त्याच्या सर्व्हरचा पत्ता देतं आणि काही सेकंदांनी १२७.०.०.१ देतं. ब्राउझरला ओरिजिन तेच वाटतं, म्हणून तो उत्तरही वाचू देतो. पण होस्ट हेडरमध्ये हल्लेखोराचंच नाव असतं आणि तिथे तो पकडला जातो. ट्रान्समिशन या टॉरंट क्लायंटमध्ये जानेवारी २०१८ मध्ये नेमकी हीच त्रुटी निघाली आणि होस्टची परवानगी-यादी घालून ती बुजवली गेली.

'ओरिजिन' हेडर आला असेल तर तो तुमचाच हवा. वेबसॉकेट वापरणार असाल तर ही तपासणी सक्तीची समजा, कारण वेबसॉकेटला कॉर्स लागूच होत नाही.

क्रोमच्या १४२ व्या आवृत्तीपासून सार्वजनिक साइटने स्थानिक पत्त्यावर रिक्वेस्ट केली तर वापरकर्त्याला परवानगी विचारतात. चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर तपासण्या गाळू नका. 'अलाउ' दाबायला लोकांना वेळ लागत नाही.

मुक्तस्रोत

लायब्ररी. सी आणि सी++ पुरतं, आणि लायसन्सकडे बघून:

सीपीपी-एचटीटीपीलिब: एकच हेडर फाइल, एमआयटी. ब्लॉकिंग पद्धत, थ्रेड पूल. तुमच्या गरजेला हेच पुरेल.

सिव्हेटवेब: एमआयटी. मोंगूसने २०१३ मध्ये लायसन्स बदललं तेव्हा फुटलेली शाखा. वेबसॉकेट हवं असेल तर कंपाइल करताना त्याचा फ्लॅग चालू करावा लागतो.

मोंगूस: जीपीएल २ किंवा व्यावसायिक परवाना. बंद सोर्सच्या ॲपमध्ये फुकट घालता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, एकाच थ्रेडवर इव्हेंट लूप.

लिबमायक्रोएचटीटीपीडी: जीएनयूचं, एलजीपीएल. तुमच्या स्वतःच्या इव्हेंट लूपमध्ये नीट बसतं, पण एपीआय खालच्या पातळीचा आहे. पोस्टचा मजकूर तुकड्यातुकड्याने येतो आणि हँडलर एकाच रिक्वेस्टसाठी अनेकदा बोलावला जातो, हे आधी समजून घ्या.

क्यूएचटीटीपीसर्व्हर: क्यूटी ६.४ मध्ये प्रायोगिक म्हणून आलं. क्यूटीच्या लूपवर चालतं हा मोठा फायदा. मात्र हे मॉड्यूल जीपीएल ३ किंवा व्यावसायिक परवान्यातच मिळतं, एलजीपीएलमध्ये नाही. क्यूटी एलजीपीएलवर वापरणारे इथे हमखास अडकतात.

सुतारकाम

थ्रेडबद्दल कोणी बोललं नाही अजून, आणि ॲप कोसळतं ते तिथेच.

ब्लॉकिंग लायब्ररीत हँडलर पूलमधल्या थ्रेडवर चालतो, जीयूआयच्या (खिडक्या-बटणं चालवणाऱ्या मुख्य थ्रेडच्या) नाही. हँडलरमधून विजेट, मॉडेल, कुठल्याही जिवंत क्यूऑब्जेक्टला हात लावू नका. बहुतेक वेळा चालेल आणि मग एखाद दिवशी भलत्याच जागी क्रॅश होईल, ज्याचा स्टॅक ट्रेस बघून काही कळणार नाही.

वाचण्यासाठी स्नॅपशॉट ठेवा. जीयूआय किंवा सिरियल थ्रेड नवीन रीडिंग आलं की न बदलणारी रचना तयार करतो आणि म्युटेक्सखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) फक्त शेअर्ड पॉइंटर बदलतो. हँडलर पॉइंटरची प्रत घेतो, म्युटेक्स सोडतो आणि सावकाश जेसन बनवतो. लॉक काही मायक्रोसेकंदच धरलं जातं.

बदल करणाऱ्या कॉलसाठी काम जीयूआय थ्रेडच्या रांगेत टाका: क्यूटीत 'इन्व्होकमेथड' क्यूड कनेक्शनने, विन३२ मध्ये 'पोस्टमेसेज', स्विंगमध्ये 'इन्व्होकलेटर', डब्ल्यूपीएफमध्ये डिस्पॅचरचं 'बिगिनइन्व्होक'. उत्तर हवं असेल तर प्रॉमिस-फ्यूचर जोडी ठेवा आणि जास्तीत जास्त २ सेकंद थांबा, नाहीतर ५०३ द्या. प्रॉमिस शेअर्ड पॉइंटरमध्ये असू द्या, कारण हँडलर निघून गेल्यावरही जीयूआय त्यात लिहू शकतो.

ब्लॉकिंग क्यूड कनेक्शन मात्र नको. ॲप बंद होताना जीयूआय सर्व्हर थ्रेड संपायची वाट बघतो आणि सर्व्हर थ्रेड जीयूआयची. खिडकी गेली, प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये लटकलेली.

अर्धबिंदू

सहमत. बंद करण्याचा क्रमही लिहून ठेवतो: आधी 'बंद होतोय' हा फ्लॅग, मग लिसनिंग सॉकेट, मग एसएसईसारखी (सर्व्हरने ब्राउझरकडे सतत डेटा ढकलायची पद्धत) लांबलेली कनेक्शनं जागी करणं, मग थ्रेड जॉइन, आणि सगळ्यात शेवटी हँडलर ज्यांना हात लावतात ते ऑब्जेक्ट नष्ट करणं. स्वतः सॉकेट हाताळत असाल तर लिनक्सवर दुसऱ्या थ्रेडवरून नुसतं 'क्लोज' केल्याने 'ॲक्सेप्ट'मध्ये अडकलेला थ्रेड जागा होत नाही. आधी 'शटडाउन' बोलवा. विंडोजवर 'क्लोजसॉकेट' पुरतं.

टिचकी

सीपीपी-एचटीटीपीलिब घालून पाहिलं. तीन गोष्टी अडल्या.

क) लिनक्सवर प्रत्येक छोट्या जेसन उत्तराला ४० मिलिसेकंद लागतात. हँडलर स्वतः १ मिलिसेकंदाच्या आत संपतो.

ख) लाइव्ह रीडिंगसाठी एसएसई केलं. सातवा टॅब उघडला की पान लोडच होत नाही.

ग) मॅकवर टॅब बंद केला की अधूनमधून आख्खं ॲपच नाहीसं होतं. क्रॅश रिपोर्टही नाही.

पोर्टपाल

क) ४० मिलिसेकंद हा आकडाच ओळखीचा आहे. नेगल (छोटे तुकडे रोखून धरणारी टीसीपीची पद्धत) आणि उशिरा दिलेला ॲक (पोचपावती) यांची जोडगोळी. हेडर एका राइटमध्ये आणि बॉडी दुसऱ्या राइटमध्ये गेली की नेगल दुसरा छोटा तुकडा पहिल्याचा ॲक येईपर्यंत रोखतो, आणि समोरची बाजू ॲक द्यायला ४० मिलिसेकंद थांबते. विंडोजवर तेच २०० पर्यंत जाऊ शकतात. 'सेट_टीसीपी_नोडिले(ट्रू)' करा. या लायब्ररीत ते मुळात बंद असतं.

विंडोजवर पहिल्या रिक्वेस्टला एक-दोन सेकंद लागतात असं दिसलं तर कारण वेगळं. पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहिलंय, ते आधी आयपीव्ही६ च्या ::१ वर जातं, तिथे कोणी नाही, आणि विंडोज नकार मिळाल्यावरही पुन्हा प्रयत्न करत बसतं. पत्ता १२७.०.०.१ असाच लिहा. नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून लोकलहोस्ट बऱ्याचदा ::१ होतं, त्यामुळे नोडमधल्या चाचणी स्क्रिप्टही अशाच अडतात.

ख) ब्राउझर एचटीटीपी १.१ वर एका होस्टला एकाच वेळी सहा कनेक्शनं देतो, सगळ्या टॅबमध्ये मिळून. सहा एसएसई उघडे म्हणजे सातव्याच्या एचटीएमएललाही जागा नाही. शेअर्ड वर्कर वापरून सगळ्या टॅबना एकच कनेक्शन द्या, नाहीतर वेबसॉकेट घ्या, त्याची मर्यादा वेगळी आणि बरीच मोठी असते. सर्व्हरच्या बाजूलाही बघा: ब्लॉकिंग लायब्ररीत प्रत्येक एसएसई एक थ्रेड अडवून ठेवतो. पूल ८ चा असेल आणि ८ एसएसई असतील तर नवव्या रिक्वेस्टला उत्तर द्यायला कोणी नाही. पूल ३२ करा आणि एसएसईची संख्या १६ वर अडवा, त्यापुढे ५०३.

ग) सिगपाइप. बंद झालेल्या सॉकेटवर लिहिलं की युनिक्सच्या घराण्यात प्रोसेसला हा सिग्नल मिळतो, आणि त्याचा ठरलेला परिणाम म्हणजे गुपचूप मृत्यू. वेगळ्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये हे आधीच हाताळलेलं असतं, डेस्कटॉप ॲपमध्ये तुम्हालाच करावं लागतं. 'मेन'च्या सुरुवातीला सिगपाइप दुर्लक्षित करा. कुठल्याशा प्लगइनने ते परत बदलू नये म्हणून मॅकवर सॉकेटवर 'एसओ_नोसिगपाइप' आणि लिनक्सवर पाठवताना 'एमएसजी_नोसिग्नल' हेही लावा.

लूपबॅक

एसएसईबद्दल आणखी थोडं. 'इव्हेंटसोर्स'ला स्वतःचे हेडर लावता येत नाहीत, म्हणजे वरची ऑथोरायझेशनची योजना तिथे चालत नाही. 'फेच' करून उत्तराचा स्ट्रीम वाचा आणि ओळी स्वतः तोडा, पंचवीसेक ओळींचं काम आहे. आपोआप पुन्हा जोडणं तेवढं हाताने लिहावं लागतं.

प्रत्येक क्लायंटला अमर्याद रांग देऊ नका. लॅपटॉप झोपला, टॅब गोठला, की ती रांग मेमरी खात वाढत जाते. तुम्हाला ताजं रीडिंग हवंय, तर 'शेवटचं मूल्य' एवढाच एक खण ठेवा आणि वाचणारा मागे पडला तर मधली मूल्यं टाकून द्या. आलेखाला सगळे बिंदू हवे असतील तर पुन्हा जोडल्यावर 'अमुक क्रमांकानंतरचे द्या' असा वेगळा एपीआय. दर १५ सेकंदांनी नुसती कोलनने सुरू होणारी ओळ पाठवा. मेलेलं कनेक्शन त्यातूनच कळतं.

कोरीपाटी

माझा प्रश्न पायथनचा, पण विषय हाच. पायक्यूटी ॲपमध्ये 'थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर' वापरतोय. काही विंडोज मशीनवर पान पांढरं येतं. कन्सोलमध्ये जावास्क्रिप्ट मॉड्यूलचा माइम टाइप (फाइल कुठल्या प्रकारची हे सांगणारी खूण) चुकीचा असल्याची तक्रार. बाकी मशीनवर ठीक.

अर्धबिंदू

पायथनचं 'माइमटाइप्स' विंडोजवर रजिस्ट्री वाचतं. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने .जेएस ला तिथे टेक्स्ट/प्लेन करून ठेवलं असेल तर तुमचा सर्व्हर तेच पाठवतो, आणि मॉड्यूल स्क्रिप्टच्या बाबतीत ब्राउझर ते खपवून घेत नाही. सुरू होतानाच .जेएस, .एमजेएस, .सीएसएस, .एसव्हीजी, .वासम यांचे टाइप 'ॲड_टाइप'ने स्वतः पक्के करा. वासमला ॲप्लिकेशन/वासम नसेल तर स्ट्रीमिंग पद्धतीने लोड होत नाही. आणि 'एचटीटीपी.सर्व्हर' उत्पादनासाठी नाही असं पायथनच्या दस्तऐवजातच लिहिलंय. वेट्रेस नावाचा सर्व्हर घ्या, शुद्ध पायथन आहे, पॅकेज करताना त्रास देत नाही.

टिचकींसाठी: स्थिर फायली क्यूआरसीमध्ये घालून बायनरीतच ठेवा. ३ एमबी काहीच नाही. डिस्कवरच्या फोल्डरमधून द्यायच्या तर आधी यूआरएल डीकोड, मग पूर्ण पथ काढणं, मग तो मूळ फोल्डरच्या आतच आहे ना हे बघणं, याच क्रमाने. विंडोजवर उलटी तिरकी रेघ, 'सी:', 'नल' आणि 'कॉन' अशी उपकरणांची नावंही बाद करा. बायनरीतल्या यादीत नेमकं नाव शोधायचं असेल तर ही कटकट उरतच नाही. लूपबॅकवर जीझिप करू नका, प्रोसेसर खर्च होतो आणि मिळत काही नाही. 'इंडेक्स' पानाला नो-कॅश, बाकी फायलींच्या नावात हॅश. नाहीतर ॲप अपडेट झाल्यावर नवा सर्व्हर आणि जुनी स्क्रिप्ट अशी गाठ पडते.

टिचकी

मूळ अडचणी सुटल्या. नवीन एक: ठरावीक पोर्ट आधी मागायचा आणि नाही मिळाला तर ०, असं केलंय. विंडोजवर ॲप बंद करून परत उघडलं की कधीकधी जुना पोर्ट 'व्यस्त' येतो. नेटस्टॅट जो प्रोसेस क्रमांक दाखवतो तो टास्क मॅनेजरमध्ये नाहीच. ॲप व्हिडिओ बनवायला एफएफएमपेग चालवतं, त्याचा संबंध असेल का?

सुतारकाम

शंभर टक्के तोच. चाइल्ड प्रोसेस सुरू करताना हँडल वारसाहक्काने गेलं. ॲप मेलं, एफएफएमपेग अजून चालू आहे आणि त्याच्या हातात तुमचं लिसनिंग सॉकेट आहे. नेटस्टॅट मूळ मालकाचा क्रमांक दाखवतं म्हणून तो सापडत नाही. सॉकेट बनवतानाच विंडोजवर 'डब्ल्यूएसए_फ्लॅग_नो_हँडल_इनहेरिट', लिनक्सवर 'सॉक_क्लोएक्झेक' द्या. मॅकवर तो फ्लॅग नाही, तिथे 'एफसीएनटीएल'ने 'एफडी_क्लोएक्झेक' लावा. ॲक्सेप्ट केलेल्या सॉकेटनाही लावा, नाहीतर ब्राउझरला कनेक्शन बंद झाल्याचं कळत नाही आणि पान फिरत राहतं. पायथन ३.४ पासून हे आपोआप होतं, सी++ मध्ये नाही.

पोर्टपाल

फोनचा मुद्दा राहिला. ०.०.०.० वर बाइंड करणं हे वापरकर्त्याने मुद्दाम चालू करायचं बटण असू द्या, ॲप सुरू होताच नको. विंडोज फायरवॉल खिडकी दाखवतं, आणि तिथे 'कॅन्सल' दाबलं तर त्या एक्झी फाइलसाठी अडवणारा नियम तयार होतो. पुन्हा कधी विचारत नाही. 'फोनवरून दिसत नाही' या तक्रारीचं पहिलं कारण हेच. इनबाउंड नियमांत जाऊन तो पुसावा लागतो. लूपबॅकपुरतं लिसन केलं तर ही खिडकी येत नाही. मॅकवर ॲप सँडबॉक्समध्ये असेल तर 'नेटवर्क.सर्व्हर' हे एंटायटलमेंट लागतं, नाहीतर सर्व्हर सुरूच होणार नाही.

होस्टच्या यादीत तेव्हा मशीनचा लॅन पत्ताही घाला, आणि नेटवर्क बदललं की यादी नव्याने बनवा. फोनसाठी टोकन वेगळं काढा, क्यूआर कोडमधून द्या आणि बटण बंद केलं की रद्द करा.

कोरीपाटी

फोनवर एचटीटीपीएस?

लूपबॅक

लूपबॅकवर गरज नाही. ब्राउझर http://१२७.०.०.१ ला सुरक्षित संदर्भ मानतात, त्यामुळे सर्व्हिस वर्कर आणि वेबक्रिप्टो तिथे चालतात. १९२.१६८ वाल्या पत्त्यावर नाही चालत, आणि टोकनही उघडं जातं.

एक 'युक्ती' वारंवार सुचवली जाते: आपल्या डोमेनचं एक उपनाव १२७.०.०.१ कडे वळवायचं, त्याचं खरं प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्याची 'की' (गुप्त किल्ली) ॲपसोबत वाटायची. करू नका. ही 'की' वाटली म्हणजे ती फुटली, आणि फुटलेल्या कीचं प्रमाणपत्र कळल्यापासून २४ तासांत रद्द करायचं बंधन प्रमाणपत्र देणाऱ्यांवर असतं. कोणी कळवलं की सगळ्या ग्राहकांचं ॲप एकदम बंद. वापरकर्त्याच्या मशीनवर स्वतःचं रूट प्रमाणपत्र घुसवणं त्याहून वाईट, कारण त्याची की चोरणारा कुठल्याही साइटच्या नावाने प्रमाणपत्र बनवू शकतो.

लॅनसाठी स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र त्या मशीनवरच बनवा, त्याचा ठसा ॲपच्या खिडकीत दाखवा आणि फोनवरची धोक्याची सूचना एकदा स्वीकारायला सांगा. प्रमाणपत्रात आयपी पत्ता 'सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम'मध्ये हवा, नुसत्या 'कॉमन नेम'कडे ब्राउझर आता बघत नाहीत. मुदत ८२५ दिवसांपेक्षा कमी ठेवा, आयफोन त्याहून लांबचं घेत नाही.